वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या कातडीची शस्त्रक्रिया: विमा कंपनी 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारते आहे

ढगळपगळ:
१३४ किलोंवरून ७६ वर आले. वजन उतरवायच्या (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रियेला दोन वर्षं होऊन गेली, वजनही वर्षभर एका जागी टिकून आहे. आता प्रश्न कातडीचा. उभी राहिले की पोटाची घडी मांडीवर येऊन टेकते. ती कोंबायला जागा हवी म्हणून कमरेच्या मापापेक्षा कितीतरी मोठी पँट घ्यावी लागते. ते एक वेळ चाललं असतं, पण घडीच्या आत कायम ओल. कातडी लाल होते, सोलवटते, बुरशी धरते, वास येतो. मलम लावलं की बरं, थांबवलं की पुन्हा तेच. घडीत सुती कापड ठेवून फिरते. मीटिंगमध्ये ते सरकायला लागलं की चेहरा सरळ ठेवणं ही वेगळीच कला!

सर्जनने पॅनिक्युलेक्टमी, म्हणजे पोटाची लोंबणारी घडी कापून काढणं, सुचवली. कंपनीचं पत्र आलं: 'सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने पूर्वमंजुरी देता येत नाही.' फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, व्यायाम करून बघा. (५८ किलो मी काय झोपेत उतरवले?) बॅरिअॅट्रिकचे पैसे याच कंपनीने दिले होते, हे विशेष.

अपील करायचं आहे. लहानपणापासूनचं सगळं लिहून चार पानी पत्र तयार केलंय. आणखी काय जोडू?

फाईलवाली:
ताई, ती चार पानं आधी बाजूला ठेवा. मी प्लास्टिक सर्जनकडे पूर्वमंजुरीच्या फायलीच करते. तुम्ही किती सोसलंत हे खरं आहे, पण फाईल तपासणाऱ्यापुढे निकषांची यादी असते आणि तो दोनच गोष्टी शोधतो: कातडीला आजार आहे का, आणि औषधोपचार करूनही तो हटला नाही का.

पहिलं काम, नकाराच्या पत्रात जे कलम दिलंय त्याचा पूर्ण मजकूर आणि या शस्त्रक्रियेसाठी कंपनीचे वैद्यकीय निकष लेखी मागवा. अपीलाची मुदतही त्याच पत्रात असते, ती आधी बघा. बहुतेक ठिकाणी निकष साधारण असे असतात: वजन किमान ६ महिने स्थिर, बॅरिअॅट्रिक झाली असेल तर त्यानंतर १२ ते १८ महिने गेलेले, घडी जांघेच्या हाडाखाली उतरलेली, आणि ३ महिने (काही कंपन्या ६ म्हणतात) नीट उपचार करूनही पुरळ परत परत येतंय. तुमचं वर्णन वाचून तुम्ही यात बसाल असं वाटतं, फक्त ते कागदावर दिसायला हवं.

आणि फायली अडतात त्या इथेच. मलम स्वतःच दुकानातून आणून लावलं असेल तर त्यांच्या लेखी ते लावलंच नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि प्रत्येक भेटीची नोंद करून घ्या: पुरळ नेमकं कुठे, कातडी फुटली आहे का, बुरशीविरोधी काय दिलं, किती दिवस, पुढच्या भेटीत काय दिसलं. निदान 'इंटरट्रायगो' (घडीतल्या कातडीचा दाह) असं स्पष्ट लिहिलेलं असू दे. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा कोड एल ३०.४ आहे. नुसतं 'रॅश' लिहिलेला कागद काही कामाचा नाही.

सर्जनचं पत्रही एकदा डोळ्यांखालून घाला. त्यात 'टमी टक' किंवा 'अॅब्डॉमिनोप्लास्टी' आलं की संपलं, कारण स्नायू आवळणं, बेंबी नव्या जागी बसवणं त्यात येतं आणि ते सौंदर्याच्या खात्यात जातं. पॅनिक्युलेक्टमी म्हणजे फक्त लोंबणारा भाग कापणं. घडीची ग्रेडही लिहून घ्या: १ म्हणजे गुप्तांगावरच्या केसांच्या रेषेपर्यंत, २ गुप्तांग झाकणारी, ३ मांडीच्या वरच्या भागापर्यंत, ४ मांडीच्या मध्यापर्यंत, ५ गुडघ्यापर्यंत किंवा खाली. तुमची ३ असावी, पण ते सर्जननेच मोजून लिहायला हवं.

स्पष्टच_बोलतो:
राग मानू नका, पण वजन वाढलं ते तुमचं. कातडीचा खर्च बाकीच्यांच्या हप्त्यांतून का?

टाकेवाला:
@स्पष्टच_बोलतो, सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयाचं बिलही त्याच हप्त्यांतून जातं. असो.

ढगळपगळ, माझं पोटाचं अपिलात मंजूर झालं. दंड आणि मांड्यांचं सपशेल नाकारलं, तिथे आजार दाखवणं फार अवघड. निकाल फिरला तो माझ्या सर्जनने कंपनीच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलल्यावर. तशी मागणी करता येते का ते विचारा. व्यायामाचा मुद्दा आला तर सर्जनला एक वाक्य लिहायला सांगा: कातडीतले ताणून तुटलेले कोलॅजेन-इलॅस्टिनचे तंतू व्यायामाने जुळत नाहीत, व्यायामाने स्नायू घडतो.

स्नायूही आवळून घ्यायचे असतील तर त्या भागाचं बिल वेगळं काढा, ते पैसे तुमचे तुम्ही द्या. एकत्र केलंत तर मंजूर झालेलंही लटकतं.

मंजुरीची वाट बघताना रक्त तपासून घ्या. बॅरिअॅट्रिकनंतर लोह, बी१२, प्रथिनं कमी पडतात आणि जखम भरायला तीच लागतात. माझी तारीख हिमोग्लोबिनपायी पुढे गेली होती. धूम्रपान करत असाल तर महिनाभर आधीच बंद. शस्त्रक्रियेनंतर जखमेतलं पाणी काढायला नळ्या असतात, पोटाला पट्टा असतो, आत पाणी साचलं तर सुईने काढतात. व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत.

ढगळपगळ:
चार पानांची अर्ध्या पानाची चिठ्ठी केली. त्वचारोगतज्ज्ञाची वेळही घेतली. एक बावळट प्रश्न: फोटो कुणी काढायचे?

फाईलवाली:
उभ्याने समोरून आणि दोन्ही बाजूंनी, ते दवाखान्यात काढतील. घडी उचलून आतली कातडी दाखवणारा मात्र पुरळ फुललेलं असेल त्या दिवशी घरीच काढा, मोबाइलवर चालतो. वेळ घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा नेमकं ते बसलेलं असतं. चेहरा नको, तारीख हवी. आणि फोटोच्या आधी पावडर पुसून टाका, पांढऱ्याखाली लाल दिसत नाही.