मदत हवी आहे: डॅन्यूबकाठाने पासाउ ते व्हिएन्ना सायकलने, कुठला काठ धरावा?

नमस्कार मंडळी,

लेक रेगेन्सबर्गला शिकते, जूनमध्ये तिच्याकडे जातोय तर मी आणि बायकोने पासाउ ते व्हिएन्ना सायकलने जायचं मनावर घेतलंय, साधारण सव्वातीनशे किमी. पुणे-गोवा झालेलं आहे त्यामुळे अंतराचं काही वाटत नाही, त्यात इथे खंबाटकीसारखा चढ नाही, नदीबरोबर खाली खाली जायचं आणि वाराही बहुतेक पश्चिमेचा म्हणजे पाठीवरच.

घोळ काठाचा आहे. रस्ता बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना आहे आणि नकाशा बघून बघून डोकं फिरलंय. श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी वळते तिथे डावीकडचा रस्ता मध्येच संपतो, मग सायकलसकट छोट्या फेरीत बसायचं, उजवीकडे म्हणे सलग रस्ता आहे. पुढे मेल्कचा मठ उजव्या काठावर आणि वाखाउ खोऱ्यातली स्पिट्झ, ड्युर्नश्टाइन ही द्राक्षमळ्यांची गावं डाव्या. हिला मठ पण बघायचाय, गावं पण, आणि ऐन जर्दाळूच्या बागांमधून जायचंय!! कुठे काठ बदलायचा हे कोणी केलेलं असेल तर सांगा ना. आणि सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात?

प्रतिसाद:

दादा, सायकली अजिबात नेऊ नका. पासाउला घेऊन व्हिएन्नाला सोडता येतात, नाहीतर परत येताना रेलजेटमध्ये (तिथली फास्ट ट्रेन) सायकलचं रिझर्वेशन कंपल्सरी आणि जागा मोजक्याच.

श्लोगेनपर्यंत कुठूनही या पण तिथे उजवीकडेच असा, कारण वरच्या व्ह्यू पॉइंटची पायवाट त्याच बाजूने चढते, वळण खरं कळतं ते वरूनच. ग्राइन ते इब्स पण उजवा, डावीकडे शेजारून गाड्यांचा मोठा रस्ता जातो. मग मेल्कला मठ बघून तिथल्याच पुलाने डावीकडे जायचं आणि थेट क्रेम्सपर्यंत तोच काठ. स्पिट्झला वेळ असेल तर फेरीने उगाच पलीकडे जाऊन या, इंजिन नाही तिला, वरच्या केबलला अडकवलेली असते आणि प्रवाहाच्या जोरावर जाते.

जर्दाळूचं मात्र वहिनींना आत्ताच सांगून ठेवा, ते जुलैत पिकतात. जूनमध्ये हिरवे दिसतील फारतर. आणि रविवारी दुकानं बंद असतात, शाकाहारी असाल तर शनिवारीच ब्रेड, चीज, फळं भरून ठेवा.