विषय: जुन्या स्विफ्टचं ॲव्हरेज पडलंय, आधी काय तपासायचं?

प्रेषक: कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

आई-बाबांची गाडी ठाण्यात कोलशेतला असते. 2012 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन, रनिंग 88,000 किमी. पूर्वी गावात 14-15 द्यायची, आता बाबा म्हणतात 10 च्या वर जात नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. गाडी बराच वेळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभीच असते.

गॅरेजवाल्याने इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, चारही प्लग, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर अशी यादी दिली आहे. सगळं करून टाकायला सांगू का, की आधी काही तपासून घ्यायचं? ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (इंजिनचे आकडे फोनवर दाखवणारा) मी इथून पाठवू शकते. बाबांना फोनवरचं ॲप नीट जमतं.

प्रेषक: नौपाडेकर

ताई, यादीतलं काहीही आत्ता बदलायला सांगू नका. ती सगळी औषधं आहेत, तपासणी एकही नाही.

पहिला प्रश्न, 10 हा आकडा कसा काढला? पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकून काढलेलं ॲव्हरेज धरू नका. टाकी भरताना नॉझल कधी लवकर आपोआप बंद होतं, कधी उशिरा. त्यात अर्धा लिटर सहज इकडेतिकडे होतो. पाच लिटरवर हिशेब केला तर ती 10 टक्क्यांची चूक, पंचवीस लिटरवर केला तर 2 टक्क्यांची. म्हणून टाकी फुल करायची, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, राउंड फिगरसाठी वर थोडं थोडं ओतत बसायचं नाही आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. टाकी 42 लिटरची आहे. निदान 25 लिटर जळू द्या आणि त्याच पंपावर, त्याच नॉझलवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. हे लागोपाठ दोन टाक्यांना केलं की आकडा विश्वासाचा.

पंपाचीच शंका असेल तर तिथे 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप मागायचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते.

दुसरं, गाडी चालते कुठे? एवढं इंजिन जागेवर उभं राहून तासाला साधारण पाऊण लिटर पितं, एसी लावला की लिटरच्या जवळ जातं. मोकळ्या रस्त्यावर 20 किमीला 15 च्या हिशेबाने 1.33 लिटर लागतं. तेच 20 किमी कापूरबावडी-माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास जास्त उभं राहून काढले की त्यावर जवळजवळ अर्धा लिटर चढतं आणि ॲव्हरेज 11 वर येतं. इंजिनात काडीचा दोष नसताना. कोलशेतहून जांभळी नाक्याला भाजीला जाऊन येणं हीच गाडीची मुख्य धाव असेल तर इंजिन तापेपर्यंत अर्धी फेरी संपलेली असते. त्यामुळे बाबांचा रस्ता आणि वेळ बदलली आहे का, हे आधी विचारा.

आता गाडी. मी इंजिनाच्या आधी चाकांकडे जाईन, कारण उभ्या राहणाऱ्या गाडीत, त्यातही आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर, ब्रेक धरून राहणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. पुढे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिना गंजतात, मागे ड्रममधली हँडब्रेकची केबल आणि लिव्हर पूर्ण मागे येत नाहीत. चालवताना फारसं कळत नाही, इंजिन मुकाट्याने ओढत राहतं.

तपासायची पद्धत अशी. सपाट जागेवर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, स्टिअरिंगवर कोणीतरी बसलेलं. धडधाकट एका माणसाने ढकलली तर गाडी हलली पाहिजे. मग सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना पाचेक किमी जाऊन यायचं, ब्रेक शक्यतो कमी वापरायचा आणि शेवटी गाडी आपसूक हळू होऊ द्यायची. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू धरून पाहायची. डिस्कला आणि ड्रमला हात लावायचा नाही, भाजतं. गॅरेजमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, तुलना डाव्याची उजव्याशी करायची. एकाच जोडीत 15-20 अंशांचा फरक आला की ते चाक खोलायचं.

हवा सकाळी, टायर गार असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. दर 1 पीएसआय कमी हवेला सुमारे 0.2 टक्के ॲव्हरेज जातं, म्हणजे 5 पीएसआयला एक टक्का. टायर एका कडेने करवतीसारखा झिजला असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

क्लचही एकदा बघून घ्या: गायमुखच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग तेवढाच राहतो, असं झालं तर क्लच घसरतोय.

प्रेषक: ऐरोलीकर

नौपाडेकर काकांचा क्रम बरोबर आहे. स्कॅनर जरूर पाठवा. पाच सेन्सर बदलण्यापेक्षा चार आकडे वाचणं स्वस्त पडतं.

सगळ्यात आधी कूलंटचं तापमान. आठ-दहा मिनिटं चालवल्यावर ते 85 ते 95 च्या दरम्यान जाऊन तिथेच राहिलं पाहिजे. ट्रॅफिकमध्ये चढतं आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी पळायला लागली की 70 पर्यंत उतरतं, असं दिसलं तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. आपल्याकडे गाडी एकदा तापली की 'वॉल्व्ह काढून टाका, परत गरम होणार नाही' असा सल्ला सर्रास मिळतो. मग इंजिन कायम अर्धवट गार, तेल घट्ट, आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली आहे, म्हणून तो पेट्रोल थोडं सैल हाताने देत राहतो. चेक इंजिनचा दिवा यात बहुधा लागत नाही. तापमानाचा काटाही फसवतो, तो 70 ला आणि 90 ला जवळपास एकाच जागी असू शकतो.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, एकदा आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि एकदा 2,500 आरपीएमवर. इथे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोलच्या 1 किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, ई10 ला साधारण 14.1 आणि ई20 ला 13.5. तेवढीच हवा आत आली तर ई20 जास्त ओतावं लागतं, म्हणून दोन्हीकडे +4 ते +6 दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आयडलला +15 आणि 2,500 ला कमी, तर इनटेकच्या पाइपातून कुठेतरी हवा शिरतेय. उलट, आरपीएम आणि लोडबरोबर वाढत जाणारं ट्रिम फ्युएल फिल्टर किंवा पंपाकडे बोट दाखवतं. -12, -15 असे उणे आकडे आले तर मात्र पेट्रोल जादा जातंय: इंजेक्टर गळतो, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज वॉल्व्ह उघडा राहतो किंवा पेट्रोलचं प्रेशर जास्त आहे. यादीतल्या इंजेक्टर क्लीनिंगला आकड्यांचा आधार असेल तरच पैसे घाला.

साधा ऑक्सिजन सेन्सर 2,500 वर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो. होत असेल तर तो बदलू नका. प्लगला 40,000 किमी झाले असतील तर बदला, पण काढलेले प्लग बाबांनी बघायला मागावेत: फिकट तपकिरी ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टरबद्दल गैरसमज फार आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तुंबलेला फिल्टर ॲव्हरेज खायचा. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो, त्यामुळे पिकअप जातो, ॲव्हरेज जवळपास तेच राहतं. मळला असेल तर बदला, अपेक्षा ठेवू नका.

पीयूसीच्या पावतीचा फोटोही मागवा. बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएम ही मर्यादा आहे. सीओ मर्यादेला टेकला असेल तर मिश्रण जाड आहे किंवा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय. आणि शेवटच्या सर्व्हिसचं बिल बघा. 5डब्ल्यू-30 च्या जागी जास्त घट्ट 20डब्ल्यू-50 तेल ओतलेलं असतं बऱ्याचदा.

प्रेषक: कोलशेतकर

दोघांचेही आभार. बाबांनी सगळं करून पाठवलंय. फुल टाकीच्या हिशेबाने 11.2 आलं. हवा चारही टायरमध्ये स्टिकरपेक्षा 6 पीएसआय कमी होती. कूलंट माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये 86, मुलुंडच्या पुढे हायवेला 69 ते 72. ट्रिम आयडलला +5, 2,500 ला +6. ऑक्सिजन सेन्सर छान हलतोय. पीयूसीत सीओ 0.06. मागचं उजवं चाक 62 अंश, डावं 43. तेल 5डब्ल्यू-30 च आहे.

प्रेषक: ऐरोलीकर

मग चित्र स्पष्ट आहे. इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, थ्रॉटल बॉडी, तिन्ही रद्द. हवा स्टिकरप्रमाणे भरली की गॅरेजची कामं दोनच, थर्मोस्टॅट आणि मागचा उजवा ड्रम.

थर्मोस्टॅट इंजिन पूर्ण गार असतानाच उघडायचा. जुना आत आहे की नाही ते बाबांनी डोळ्यांनी बघावं. असेल तर गरम पाण्यात टाकायची गरज नाही. हातात गार असताना त्याची चकती उघडी दिसली की निकाल लागला. नवा कंपनीचाच घ्या, सोबत सील नवं, कूलंट तयार मिसळलेलं. नळाचं पाणी नाही. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघायची, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते.

प्रेषक: नौपाडेकर

ड्रमचं माझ्याकडून. खोलल्यावर धूळ कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका, ब्रेक क्लीनरने धुवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर किंचित उचलून बघायचं. आत ओल असेल तर सिलिंडर बदला आणि मागचे दोन्ही बाजूंचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) जोडीने बघा. शूवरची हँडब्रेकची लिव्हर हाताने हलवून स्वतःहून मागे येते का ते महत्त्वाचं. येत नसेल तर तिची पिन गंजली आहे. येत असेल तर केबल आत अडकते, आणि तेल सोडून ती बरी होत नाही, बदलावीच लागते. बॅक प्लेटवर शू जिथे टेकतात तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस पातळ लावायचं, लायनिंगला लागता कामा नये. जोडताना ॲडजस्टर इतकाच कसायचा की चाक हाताने मोकळं फिरेल. पुढे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.

पूर्वीचे 15 परत येतील असं मात्र बाबांना सांगू नका. नीती आयोगाच्या 2021 च्या इथेनॉल आराखड्यातच, इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई20 वर 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलंय. कोलशेतच्या ट्रॅफिकमध्ये 13 च्या आसपास आलं तर गाडी ठणठणीत आहे असं समजा. इंजिनच्या खोलीत किंवा टाकीच्या बाजूला पेट्रोलचा वास येतो का, तेही खोललेलं असतानाच बघून घ्या. इतक्या वर्षांच्या रबरी नळ्या इथेनॉलने कडक होऊन जोडापाशी पाझरतात. एखादी नळी चिरलेली दिसली तर ती त्याच दिवशी बदला, ॲव्हरेजचा हिशेब नंतर.