प्रतिकारशक्ती कमी म्हणून कुष्ठरोग पसरला, मग आता रिअ‍ॅक्शन कशी?

ऐरोलीकर :
माझ्या काकांचा एमबी (शरीरात जास्त जंतू असलेल्या) प्रकारच्या कुष्ठरोगावरील बारा महिन्यांचा औषधोपचार गेल्या महिन्यात पूर्ण झाला. आता त्यांना ताप येत असून हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या आहेत. ही ‘रिअ‍ॅक्शन’ प्रतिकारशक्तीमुळेच आली, असे डॉक्टर म्हणाले. जी शक्ती रोगाला अडवू शकली नाही, ती आता एवढी कशी उसळली?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, ठाणे :
आपण ‘प्रतिकारशक्ती’ हा एकच शब्द वापरतो, पण तिची कामे निरनिराळी आहेत. पीबी, म्हणजे कमी जंतू असलेल्या प्रकारच्या रुग्णांमध्ये टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गॅमा इंटरफेरॉन हे संदेशद्रव्य सोडून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतात, त्यामुळे जंतू थोडेच उरतात. एमबी प्रकारात टी-पेशींचा हा प्रतिसाद मंद असतो आणि रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिने) मात्र भरपूर असतात. परंतु कुष्ठजंतू पेशींच्या आत राहत असल्याने प्रतिपिंडे तेथवर पोहोचत नाहीत. म्हणून या आजारात रक्तातील जास्त प्रतिपिंडे संरक्षणाची नव्हे, जंतूंच्या जास्त संख्येची खूण ठरतात.

निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, कळवा :
काकांच्या गाठींचे कारणही बहुधा हीच प्रतिपिंडे असावीत. औषधांनी मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरातून फार सावकाश जातात. त्यांना प्रतिपिंडे चिकटून तयार झालेले पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत आणि त्वचेत अडकतात, तेथे पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ताप व सूज येते. उपचार संपल्यावरही हे होऊ शकते, त्यामुळे रोग उलटला असे लगेच समजू नये. गोळ्यांनीच अंगावर उठले असे मानून ऐन उपचारात त्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत, त्याचे मला आजही वाईट वाटते. करंगळी बधिर वाटते का, कोपराजवळची नस दुखते का, डोळे लाल झाले आहेत का, हे आजच पाहा. यांपैकी काहीही असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जा. प्रेडनिसोलोन हे सूज कमी करणारे स्टिरॉइड वेळेवर सुरू झाले तर नस वाचू शकते, मात्र ते स्वतःच्या मनाने घेऊ वा थांबवू नये.

ऐरोलीकर :
करंगळी कालपासून जड वाटते, असे ते आत्ता म्हणाले. आम्ही लगेच निघतो आहोत. घरातील आम्हा सर्वांची रक्ततपासणी करावी का?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, ठाणे :
निरोगी सहवासितांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडू शकतात आणि त्यांपैकी बहुतेकांना रोग होत नाही. त्यापेक्षा सर्वांची त्वचा आणि नसा तपासून घ्या, आणि रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाच्या एका प्रतिबंधक मात्रेबद्दल तेथेच विचारा.