अंकगणिती श्रेढी आणि सरळ रेषा: हे दोन धडे मुळात एकच आहेत का?

प्रश्न: सतरानंबर

नमस्कार. मी १७ नंबरचा फॉर्म भरून यंदा खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसणार आहे. दिवसभर शिलाईकाम असल्यामुळे शिकवणी लावता आलेली नाही, त्यामुळे गणित भाग १ पाठ्यपुस्तकावरूनच वाचते आहे. दोन चलांतील रेषीय समीकरणांचा धडा पुरा करून अंकगणिती श्रेढीकडे वळले आणि तेथे अडले.

५, ८, ११, १४, १७ ही श्रेढी घेऊन मी पदाचा क्रमांक क्ष-अक्षावर आणि पदाची किंमत य-अक्षावर मांडून पाहिली. (१, ५), (२, ८), (३, ११) हे बिंदू पट्टी लावताच एका रेषेत आले, आणि ती रेषा य = ३क्ष + २ ही निघाली, जी मी आधीच्या धड्याच्या सरावात काढलेली होती. असे असेल, तर श्रेढीच्या अ + (न − १) × ड या सूत्रात (न − १) कशासाठी येतो आणि रेषेच्या समीकरणात तो का दिसत नाही? श्रेढीचे पहिले पद ५ आहे, पण रेषा य-अक्षाला २ वर छेदते. हा २ श्रेढीत कोठेच नाही, मग तो आला कोठून? शिवाय हे बिंदू रेघेने जोडावेत की नाही, हेही कळत नाही. सूत्र मला पाठ आहे, परंतु ते तसे का आहे हे समजल्याशिवाय पुढे जाववत नाही.

(पाठ्यपुस्तकात इंग्रजी अक्षरे आहेत. मी पहिल्या पदासाठी अ, सामान्य फरकासाठी (म्हणजे लगतच्या दोन पदांतील ठरावीक फरकासाठी) ड आणि पदाच्या क्रमांकासाठी न लिहिले आहे.)

उत्तर १: निवृत्त_गणितशिक्षक

ताई, आलेख कागदावर आपल्याला जे दिसले ते बरोबर आहे. फरक आहे तो मोजणी कोठून सुरू केली एवढाच. श्रेढीत आपण पहिल्या पदावर उभे राहून निघतो, त्यामुळे पाचव्या पदापर्यंत पोहोचायला ३ ची भर चार वेळा घालावी लागते, पाच वेळा नाही. न क्रमांकाच्या पदासाठी (न − १) वेळा भर घालायची ती याच कारणाने. रेषा मात्र क्ष = ० पासून मोजली जाते. आपले सूत्र उघडून पाहा: ५ + (न − १) × ३ = ५ + ३न − ३ = ३न + २. म्हणजे आपला २ हा अ − ड आहे. पहिल्या पदाच्याही एक पाऊल मागे गेल्यावर जी संख्या सापडते, ती ही.

हे हाताने करून पाहायचे असेल, तर काडेपेटीतील काड्या घ्या आणि एकमेकांना चिकटलेल्या चौकोनांची एक ओळ मांडा. एका चौकोनाला ४ काड्या लागतात, दोन चौकोनांना ७, तीन चौकोनांना १०, चार चौकोनांना १३, कारण शेजारच्या दोन चौकोनांची मधली काडी सामाईक असते. आता हीच ओळ दोन प्रकारे मोजता येते. एक प्रकार असा, की पहिला चौकोन पुरा मांडून ४ काड्या मोजायच्या आणि पुढच्या प्रत्येक चौकोनासाठी ३ काड्या वाढवायच्या. त्यातून ४ + (न − १) × ३ मिळते. दुसरा प्रकार असा, की डाव्या टोकाला आधी एकच उभी काडी ठेवायची आणि मग प्रत्येक चौकोनासाठी वरची, खालची आणि उजवीकडची अशा तीन काड्या लावत जायच्या. त्यातून १ + ३न मिळते. काड्या त्याच, चौकोन तेच. य-अक्षावरचा १ म्हणजे ती पहिली उभी काडी, जी एकही चौकोन झालेला नसतानाही तेथे असते.

अनेक वर्षे शिकवताना मी पाहिले आहे, की मुले (न − १) पाठ करतात, आणि ओळीच्या डाव्या टोकाची ती काडी एकदा हातात धरली की तो त्यांना पाठ करावा लागत नाही. श्रेढीचे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही मांडणी प्रत्येक वर्गात व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सामान्य फरक ड आणि रेषेचा चढ (क्ष एकाने वाढला की य जेवढा वाढतो तो) या एकच गोष्टी आहेत. भाग २ मधील निर्देशक भूमितीच्या धड्यात चढ येईल, तेव्हा हे आठवा.

उत्तर २: मीटरप्रमाणे

बिंदू जोडावेत का, या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्रेढीचे अडीचावे पद नसते. २ आणि ३ यांच्या मधोमध रेषेवर ९.५ ही किंमत दिसते, परंतु श्रेढीला तो प्रश्न विचारताच येत नाही. काड्यांच्या ओळीतही अडीच चौकोन होत नाहीत. म्हणून श्रेढीचा आलेख हा सुट्या बिंदूंचाच ठेवावा. ते बिंदू एका रेषेत आहेत हे दाखवण्यापुरती तुटक रेघ काढण्यास हरकत नाही. य = ३क्ष + २ या समीकरणात मात्र क्ष ला कोणतीही वास्तव संख्या चालते, म्हणून तेथे रेषा अखंड काढतात.

मुंबईतील रिक्षाचे भाडे पाहा. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या १.५ किलोमीटरला किमान २६ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये असा हिशेब आहे. पूर्ण रुपयांत आणण्याआधीची भाडी १.५, २.५, ३.५, ४.५ किलोमीटरला अनुक्रमे २६, ४३.१४, ६०.२८, ७७.४२ अशी मांडली, तर ती अंकगणिती श्रेढी होते. परंतु प्रवासी ३.२ किलोमीटरवरही उतरतो आणि त्याचेही भाडे असतेच. अंतर मधल्या किमती घेऊ शकते, म्हणून येथे बिंदूंच्या मधल्या जागेलाही अर्थ आहे. (मीटर प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, पण ते टप्पे बारीक असल्याने रेषा मानून चालते.)

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला फार आवडते. १.५ ला १७.१४ ने गुणले तर २५.७१ येतात. म्हणजे किमान भाडे हे त्याच दराने मोजून पूर्ण रुपयांत आणलेले दीड किलोमीटरचे भाडे आहे असे दिसते. त्यामुळे १.५ च्या पुढची रेषा मागे वाढवली, तर ती जवळजवळ आरंभबिंदूतून जाते. प्रत्यक्षात मात्र ० ते १.५ या टप्प्यात आलेख २६ वर आडवा असतो, कारण पाचशे मीटरला कोणी नऊ रुपये घेत नाही. रेषा मागे वाढवता येते म्हणून मागच्या भागालाही व्यवहारात अर्थ असेलच असे नाही. प्रत्येक उदाहरणात ते तपासावे लागते.

सतरानंबर

आपणा दोघांचे मनापासून आभार. काड्या मांडून पाहिल्या आणि पहिली शंका पूर्ण मिटली. आता दोन गोष्टी विचारते. ज्या उदाहरणांत दोन पदे देऊन तिसरे पद विचारतात (उदाहरणार्थ, सातवे पद ३१, एकोणिसावे पद ७९, तर चाळिसावे पद किती), तेथे रेषेचा विचार उपयोगी पडेल का? आणि पदांची बेरीजसुद्धा रेषेवरच असते का?

उत्तर ३: पाटणादेवी

पहिल्या गोष्टीचे उत्तर होय असे आहे. (७, ३१) आणि (१९, ७९) हे रेषेवरचे दोन बिंदू समजा. क्रमांक १२ ने पुढे गेला आणि किंमत ४८ ने वाढली, म्हणून चढ, म्हणजेच ड, ४ आला. १९ पासून ४० पर्यंत २१ पावले आहेत, त्यांची भर ८४, म्हणून चाळिसावे पद १६३. पहिले पद काढण्याची गरजसुद्धा पडली नाही.

बेरजेचे उत्तर मात्र नाही असे आहे, आणि ते भास्कराचार्यांच्या एका उदाहरणावरून दाखवते. आपल्या जळगाव जिल्ह्यातील पाटणादेवीच्या परिसरात इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे, ज्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावती या ग्रंथातील श्रेढीच्या भागात भास्कराचार्य विचारतात: एकाने पहिल्या दिवशी ४ द्रम्म (त्या काळचे नाणे) दान दिले आणि पुढे रोज ५ द्रम्म वाढवत गेला, तर पंधरवड्यात त्याने एकूण किती दिले?

त्यांची रीत अशी आहे: शेवटच्या दिवसाचे दान ४ + १४ × ५ = ७४; पहिल्या आणि शेवटच्या दानाची सरासरी (४ + ७४) ÷ २ = ३९; आणि तिला १५ ने गुणल्यावर ५८५. किमती एका रेषेत वाढत असल्यामुळे पहिली आणि शेवटची यांची सरासरी हीच साऱ्या किमतींची सरासरी ठरते. बेरजेचे सूत्र या एका गोष्टीवर उभे आहे, आणि पाठ्यपुस्तकातील सूत्रही याच हिशेबाचे अक्षरांतील रूप आहे.

आता रोजचे दान ५न − १ या रेषेवर आहे. येथे शून्याव्या दिवसाचे दान −१ येते, ज्याला काहीच अर्थ नाही. काड्यांच्या उदाहरणात तो १ खरोखर हातात धरता येत होता. एकूण दान मात्र न × (५न + ३) ÷ २ एवढे येते. यात न चा वर्ग आहे, म्हणून ४, १३, २७, ४६ या बेरजा आलेख कागदावर मांडल्या तर त्या रेषेत न येता वर वळत जातात. त्यांच्यातील फरक ९, १४, १९ असे आहेत, म्हणजे दुसऱ्या दिवसापासूनची दानेच.

उत्तर ४: निवृत्त_गणितशिक्षक

वरील उत्तर उत्तम आहे, त्यात परीक्षेच्या दृष्टीने एक भर घालतो. तीन-चार गुणांच्या उदाहरणात केवळ चढ काढून उत्तर लिहिले, तर परीक्षकाला पायऱ्या दिसत नाहीत आणि गुण जाण्याचा धोका राहतो. म्हणून उत्तरपत्रिकेत आधी सूत्र लिहावे, मग अ + ६ड = ३१ आणि अ + १८ड = ७९ ही दोन समीकरणे मांडावीत, आणि एकातून दुसरे वजा करून १२ड = ४८ मिळवावे. ही वजाबाकी म्हणजे चढ काढणेच आहे. पुढे अ = ७ आणि अ + ३९ड = ७ + १५६ = १६३.

ताई, आता स्वतःसाठी असे एक उदाहरण करा: १००, ९३, ८६ या श्रेढीचे कोणते पद पहिल्यांदा ऋण येईल? आधी रेषा क्ष-अक्षाला कोठे छेदते ते आलेखावर पाहा, आणि मग लक्षात घ्या, की छेदनबिंदूचा क्रमांक पूर्णांक येत नाही, त्यामुळे त्याच्या लगतच पुढचा पूर्ण क्रमांक घ्यावा लागतो. उत्तर येथे लिहा, मी पाहीन.

सतरानंबर

रेषा य = १०७ − ७क्ष आली. क्ष-अक्षावरचा छेद १५ च्या थोडा पुढे, १५.३ च्या जवळ पडतो. पंधरावे पद २, सोळावे पद −५. म्हणून सोळावे.

निवृत्त_गणितशिक्षक

बरोबर आहे. आता याच श्रेढीच्या पहिल्या न पदांची बेरीज सर्वांत मोठी केव्हा होईल ते काढा. त्यासाठी नवे सूत्र लागणार नाही, आपण आत्ता काढलेले उत्तर पुरेसे आहे.