दारापुढचे चार दगड

'घर परक्याचं झालं, गल्लीत ओळखीचं कुणी उरलं नाही, मग नाझींनी हाकललेल्यांनी म्हातारपणी जर्मनीत परत जायचंच कशाला?' हा प्रश्न अनेकदा विचारला जातो, पण मला तो पटत नाही. कित्येकांना त्या गावानेच बोलावलं. बर्लिनने १९६९ पासून आपल्या अशा जुन्या रहिवाशांना शहराच्या खर्चाने पाहुणे म्हणून आणलं, आणि हजारो जण गेले.

असं विचारताना आणखी एक गोष्ट राहून जाते. जर्मन कलाकार गुंटर डेम्निग नाझींच्या बळींच्या जुन्या घरांपुढे फुटपाथमध्ये बसवतात ते पितळी स्मरणदगड फक्त मारल्या गेलेल्यांचे नसतात. जीव वाचवून निसटलेल्यांचेही त्यांच्या शेजारीच बसवतात, म्हणजे ताटातूट झालेलं कुटुंब निदान दारापुढे तरी एकत्र येतं. बर्लिनच्या शोनेबर्ग भागात मी असे चार पाहिले. आईवडिलांच्या नावाखाली 'हत्या', दोन्ही मुलांच्या नावाखाली 'पलायन १९३९, इंग्लंड'. तळहाताएवढा एकेक चौकोन, वाचायला वाकावंच लागतं. कुणीतरी नुकतेच घासून लख्ख केले होते. त्या मुलांसाठी आईवडिलांची कबर नाही, जिथे फूल ठेवावं असं दुसरं ठिकाण नाही. मग त्यांनी त्या दाराशी नाही यायचं तर कुठे जायचं?