आवर्तन कोणी ठरवायचं : साहेबांनी की शेतकऱ्यांनी?

पांझराकाठ : शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था नुसती भांडणं लावते, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, पाटबंधारे खात्याच्या शाखाधिकाऱ्यानेच ठरवावं, असं हल्ली गावोगावी ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली, ती कोणत्या साहेबाच्या हुकमावर? शिवाराचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला गावाचा पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचाच नाही. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असायची. दुष्काळात एक फड कोरडा ठेवला, तर ठरवणाऱ्या पंचाचंही शेत वाळायचं. साहेबाचं काय वाळतं?

गिरणेचा पोरगा : भाऊ, पंच कोण असायचे तेही सांगा. जमीनवालेच ना? शेतमजुराला, बाईला कोण विचारायचं? आणि आता ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटर बसली, फडाची शिस्त पाळणार कोण? मी टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. आमच्या चारीला पाणी आलं ते अधिकारी पोलीस घेऊन उभा राहिला तेव्हाच. बैठकीत वरचेच बोलतात.

जुना कालवा कर्मचारी : पोलीस एक रात्र उभा राहील. दुसऱ्या रात्री गेटवर कोण? 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात वरच्या, मधल्या आणि टेलच्या भागातून सारखेच संचालक घ्यायचे आहेत. तुमच्या संस्थेत घेतलेत का, ते आधी बघा.

तापीकर : कायदा कागदावर. साक्री तालुक्यात बारीपाडा गावाने जंगल राखलं, त्यात पुढे असलेल्या चैतराम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, अभिमानच आहे. पण असा माणूस प्रत्येक गावाला कुठून मिळणार? नाही मिळाला तर अधिकारीच लागतो.

पांझराकाठ : पवारांनी गाव उभं केलं हे खरंच. पण एवढं रान एकटा माणूस रात्रंदिवस राखू शकत नाही. नियम गावाने केले, म्हणून गावाने पाळले. पोरा, तुझं दुखणं खरं आहे. पाटकऱ्याचा पगार संस्थेच्या हातात ठेवा आणि पाणी टेलकडून वर द्यायला लागा. वरच्याला आपली पाळी हवी असेल तर तोच खालच्याचं भरणं लवकर उरकायला बघेल.

गिरणेचा पोरगा : टेलपासून सुरू करा, पाणीपट्टी मी सगळ्यांत आधी भरतो. पण वरच्याने रात्री चारी फोडली तर दंड वसूल करायला त्याच्या दारात कोण जाणार, ते नाव संस्थेच्या बैठकीत आधीच लिहून घ्या.