एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊ का एसएसडी? बजेट ८ हजार

कोथरूडचा_गोंधळलेला
मंडळी, मदत हवीय. बाबांनी काढलेले गेल्या पंधरा वर्षांतले फोटो, ताईच्या लग्नाचं शूटिंग आणि माझं थोडं ऑफिसचं असं मिळून ६०० जीबी लॅपटॉपवर पडलंय आणि लॅपटॉप आता सुरू होतानाच कण्हतो. दुकानात विचारलं तर म्हणे एसएसडीच (चिपवाली डिस्क) घ्या, हार्ड डिस्कचा जमाना गेला. पण तेवढ्याच पैशात साधी हार्ड डिस्क दुप्पट जागेची मिळतेय. ऑनलाइन तर १६ टीबीची एसएसडी १८०० रुपयांत दिसली, ती कशी आहे? एकदा सगळं तिकडे टाकलं की लॅपटॉपवरचं उडवून टाकणार आहे.

जुनी_केबल
शेवटचं वाक्य वाचून धडकीच भरली राव. लॅपटॉपवरचं उडवलं की तो बॅकअप राहिला कुठे, एकच प्रत झाली ना, फक्त जागा बदलली. आणि ती १६ टीबीवाली फुकट दिली तरी घेऊ नका. आत छोटी मेमरी असते आणि फर्मवेअर (डिस्क चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) खोटी साइज सांगतं, कॉपी नीट झाल्यासारखी दिसते आणि महिन्याने फोटो उघडायला गेलं की अर्धे उघडतच नाहीत. कोणतीही नवी डिस्क आणली की आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासायची, वेळ लागतो पण कळतं.

लग्नसराई_फोटोवाला
मी दोन्ही वापरतो म्हणून सांगतो. बॅगेत फिरवायला एसएसडी, कारण तिच्यात फिरणारं काहीच नसतं. मागच्या सीझनला कार्यालयात जेवणाच्या टेबलावर हार्ड डिस्क चालू ठेवून कॉपी लावली होती, वाढप्याचा पाय केबलीत अडकला, डिस्क खाली. पडली तेव्हा आवाज काही फार नाही झाला, पण परत लावली तर आतून टिक... टिक... टिक. संपलं. रिकव्हरीवाल्याने डिस्क उघडायलाच २५ हजार सांगितले. नशीब कॅमेऱ्यातली कार्डं अजून फॉरमॅट केली नव्हती. वॉरंटीत नवी डिस्क मिळाली, पण वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.
पण तुमची डिस्क घरात कपाटातच राहणार ना? मग साधी हार्ड डिस्क बेस्ट. उलट एसएसडी वर्षानुवर्षं न लावता ठेवली तर आतला चार्ज हळूहळू उतरतो, तेव्हा ठेवणीतल्या फोटोंसाठी मी तरी ती घेणार नाही.

जुनी_केबल
+१. डब्ल्यूडी, सीगेट, तोशिबा यात फार डोकं लावू नका, या छोट्या डिस्का सेकंदाला १०० ते १३० एमबीच्या आसपासच चालतात. सॅमसंग टी७ सारखी एसएसडी कागदावर १०५० एमबी देते, पण ज्यातून कॉपी करताय तो लॅपटॉपच कण्हत असेल तर त्याचा काय उपयोग. एक मात्र आहे, बऱ्याच छोट्या डिस्का एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, खूप मोठी कॉपी लावली की मध्येच स्पीड पडतो, बिघडली समजून केबल उपटू नका. पोर्ट बघा, यूएसबी २ ला लावली तर ६०० जीबीला पाचएक तास, ३ ला दीड-दोन. आणि गुरुवारी, पुण्यातल्या लाइट जायच्या वारी, लावू नका 😄 लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर लाइट गेली की सगळं अर्धवट.

कोथरूडचा_गोंधळलेला
बापरे, बॅटरी खरंच गेलीय. मग १-१ टीबीच्या दोन साध्या डिस्का घेऊ का? ६०० जीबीला पुरेल ना? आणि ताईकडे मॅक आहे.

लग्नसराई_फोटोवाला
पुरेल, विंडोजमध्ये १ टीबी ९३१ जीबी दिसेल, फसवलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एक घरी, एक ताईकडे, चोरी झाली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जायला नकोत. मॅकवर एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटची) डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही, म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण एक्सफॅट न इजेक्ट करता उपटली की फाइली खराब व्हायची भीती जास्त, तेवढं सांभाळा.

कोथरूडचा_गोंधळलेला
अपडेट: दोन्ही आणल्या, तपासल्या, भरल्या. बाबांनी दोन्हींवर पांढरी पट्टी चिकटवून पेनाने तारीख घातलीय, एकीवर "घर" आणि दुसरीवर "चिंचवड". ताईकडची रविवारी पोचवतो. लॅपटॉपवरचं अजून तसंच ठेवलंय.

जुनी_केबल
झकास. वर्षातून दोनदा लावून चार फोटो उघडून बघत जा, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळं दिसलं तर लगेच नवी आणा. काढताना इजेक्ट केलंत ना?

कोथरूडचा_गोंधळलेला
मी केलं. बाबांचं विचारून सांगतो.